बोट ठेवायला जागा

मे महिन्यात अक्षराच्या शाळेतून प्रगतिपुस्तक आलं. त्यात वाचनाच्या रकान्यासमोर बाईंनी इंग्रजीत एक वाक्य लिहिलं होतं. त्याचा अर्थ असा, की मुलगी भराभर वाचते, पण मजकुरापाशी थांबत नाही. पोर गणितात काठावर पास झाली असती, तर एकनाथ कुलगुडे यांनी ते मोठ्या मनानं सोडून दिलं असतं. गणित काय, कुलगुड्यांच्या घराण्यात कुणालाच कधी आलं नाही. पण वाचन? एकनाथरावांनी कोल्हापुरातल्या सरकारी छापखान्यात तेहेतीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून काढली होती. कुलगुड्यांच्या नजरेतून उलटा लागलेला अनुस्वारसुद्धा सुटत नाही, असं तिथं म्हणत. अनुस्वार उलटा कसा लागतो, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. अशा माणसाच्या नातीला वाचता येत नाही, असं चंदीगडच्या एका बाईनं लेखी कळवावं!

"लेखी कळवलंय, अगदी शाईनं," त्यांनी पत्नीला पुस्तक दाखवलं.

"मग काय दगडावर कोरायचं होतं?" शोभनाताई म्हणाल्या. "पोरगी पाचवीत आहे. शिकेल की."

मुलगा शुभंकर मोहालीतल्या कंपनीत होता. सून मंजुषा सेक्टर सदुसष्टच्या औषधशास्त्राच्या संस्थेत संशोधन करायची. दोघं सकाळी आठला निघायची ती दिवेलागणीला परतायची. सेक्टर एकोणपन्नासमधल्या 'बसंत किरण' सोसायटीतल्या चौथ्या मजल्यावर दिवसभर आजी, आजोबा आणि नात. तेव्हा ही जबाबदारी कुणाची, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. निदान एकनाथरावांना तरी वाटली नाही.

त्यांनी परीक्षेचा उतारा मागवून घेतला. मधमाश्यांवर होता. उताऱ्यात स्पष्ट लिहिलं होतं, की हिवाळ्यात मधमाश्या राणीभोवती दाटीवाटीनं जमतात आणि अंग थरथरवून ऊब तयार करतात. प्रश्न होता, मधमाश्या हिवाळ्यात काय करतात? अक्षरानं एका शब्दात उत्तर लिहिलं होतं: झोपतात.

"हे कुठून आणलंस?"

"आजोबा, विंटर में सब सोते हैं," अक्षरा म्हणाली. "बेअर सोता है, फ्रॉग सोता है. मैं भी तो लेट उठती हूँ."

"पण इथं काय लिहिलंय?"

"वो तो मैंने पढ़ा ना."

"पढ़ा, मग उत्तरात का नाही आलं?"

यावर पोरीनं खांदे उडवले. एकनाथरावांच्या लक्षात आलं, की हिला वाचता येतं. पण कागद काय सांगतोय यापेक्षा आपल्याला आधीच काय ठाऊक आहे, यावर हिचा जास्त भरवसा आहे. मोठ्या माणसांनाही हाच रोग असतो, हे त्यांना त्या वेळी सुचलं नाही. पुढं सुचलं, पण फार उशिरा.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर वर्ग सुरू झाला. पद्धत त्यांनीच बसवली. माहितीचा उतारा तीनदा वाचायचा. पहिल्यांदा हातात पेन्सिल घ्यायची नाही. फक्त कशाबद्दल आहे ते सांगायचं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन न कळलेल्या शब्दाभोवती गोल करायचा आणि कोण काय करतं त्याखाली रेघ मारायची. तिसऱ्यांदा उताऱ्याला प्रश्न विचारायचे. आणि उत्तर देताना ते ज्या ओळीत आहे तिच्यावर बोट ठेवायचं. बोट ठेवता आलं नाही, तर उत्तर कितीही हुशारीचं असो, बाद.

आठवड्याभरात अक्षरा बोट ठेवायला लागली. इथंच थांबले असते तर ही गोष्ट घडली नसती.

शेजारच्या विमल सूद आंटींनी हे पाहिलं आणि आपला चौथीतला नातू ध्रुव याला हाताला धरून आणून बसवला. "भाईसाहब, ये तो अखबार भी फोटो देखके पढ़ता है." ध्रुवमागोमाग दुसऱ्या मजल्यावरची ओजस्विनी आली. ही पोर इतकी सावकाश वाचायची की शब्दाखाली बोट सरकताना मुंगी चालल्यासारखी वाटायची. मग आणखी चौघं आली. जूनची सुट्टी, बाहेर चव्वेचाळीस अंश ऊन, आणि घरात सात पोरं. शोभनाताईंनी तीन दिवस सरबत केलं आणि चौथ्या दिवशी लिंबाची टोपली नवऱ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "खाली एवढा मोठा हॉल रिकामा पडलाय. तिकडं न्या हे विद्यापीठ."

हॉलसाठी अर्ज लागतो. अर्ज सोसायटीचे सेक्रेटरी इंद्रजित ग्रोवर यांच्याकडं करायचा असतो. ग्रोवर साहेब विमा कंपनीतून निवृत्त झालेले, कागदाला कागदाचा मान देणारे गृहस्थ. त्यांनी अर्ज दोन्ही बाजूंनी पाहिला आणि सांगितलं, की अर्ज सभासदालाच करता येतो. एकनाथराव सभासद नाहीत. मुलगा? तोही नाही, तो भाडेकरू. सभासद म्हणजे घरमालक, आणि घरमालक राहतात कॅनडात.

तेव्हा सात मुलांना मधमाश्या वाचायला हॉल मिळावा म्हणून कॅनडात फोन लागला. घरमालक भला माणूस निघाला. त्यानं आधी वीस मिनिटं स्वयंपाकघरातला नळ गळतो का, बाल्कनीतली तुळस जिवंत आहे का, याची चौकशी केली, आणि मग हरकत नसल्याचं पत्र सही करून पाठवलं. पत्रात त्यानं वर्गाऐवजी 'क्लासिकल' असं लिहिलं होतं. ते दुरुस्त करायला परत फोन करण्याचं धैर्य कुणाला झालं नाही.

मग ग्रोवर साहेबांनी हॉलचं रजिस्टर उघडलं. त्यात कार्यक्रमाचे चारच प्रकार छापलेले होते. विवाह, कीर्तन, किटी पार्टी आणि शोकसभा.

"पढ़ाई तो इसमें है नहीं जी," ते प्रामाणिक खेदानं म्हणाले. "किटी में डाल दूँ?"

एकनाथरावांनी चारही पर्यायांचा गांभीर्यानं विचार केला. विवाह शक्य नव्हता. शोकसभा अपशकुनी होती. किटी त्यांच्या प्रतिष्ठेला शोभणारी नव्हती. राहिलं कीर्तन.

याचा परिणाम पहिल्याच रविवारी दिसला. रजिस्टरमधली नोंद नेहमीप्रमाणे फलकावर चढली आणि सकाळी दहा वाजता डोक्यावरून ओढण्या घेतलेल्या पाच वृद्ध बायका चपला बाहेर काढून हॉलमध्ये येऊन बसल्या. त्यांना उठवायचं कसं? एकनाथरावांनी मनाचा हिय्या केला आणि मधमाश्यांचा उतारा सुरू केला. पहिलं वाचन झालं. दुसरं झालं. तिसऱ्या वाचनाला एका आजींनी डोळे मिटून ताल धरला. प्रसाद नव्हताच, शेवटी शोभनाताईंनी वरून केळी पाठवली. जाताना विमल आंटी म्हणाल्या, "भाईसाहब, राणी के चारों तरफ सब इकट्ठे होके काँपते हैं, ये बात मन को लग गई." एकनाथरावांना त्या आठवड्यात वर्गाबद्दल मिळालेला हा एकमेव अभिप्राय.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पुस्तकातले उतारे बंद केले. माहितीचा मजकूर काय फक्त पुस्तकात असतो? तो घरभर असतो, आणि कुणी वाचत नाही. त्यांनी मुलांना सांगितलं, घरातून असा एक कागद आणा, जो काहीतरी माहिती देतो. ही कल्पना शिक्षणशास्त्राच्या दृष्टीनं उत्तम होती. शेजारधर्माच्या दृष्टीनं तिचा विचार झाला नव्हता.

ओजस्विनीनं कुकरबरोबर आलेली पुस्तिका आणली. तिच्यात कडधान्यं अर्ध्या कुकरच्या वर भरू नयेत, असं लिहिलेलं निघालं. त्या दुपारी ओजस्विनीच्या आईनं पाहुण्यांसाठी राजमा लावला, तेव्हा मुलगी पुस्तिका घेऊन शेगडीपाशी उभी राहिली आणि तिनं ओळीवर बोट ठेवलं. राजमा दोनदा लावावा लागला. पाहुणे तीन वाजता जेवले.

ध्रुवनं आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबरचा घडीचा कागद आणला. मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत छापलेला तो कागद या मुलानं, जो वर्तमानपत्र चित्रं बघून वाचायचा त्यानं, न कळलेल्या सव्वीस शब्दांना गोल करत पूर्ण वाचला. एकनाथरावांचा ऊर भरून आला. घरी जाऊन ध्रुवनं आजीला तो पंजाबीत समजावून सांगितला: चक्कर, मळमळ, पाय सुजणं, आणि क्वचित प्रसंगी जे काय व्हायचं ते. विमल आंटींनी त्या दिवसापासून गोळी बंद केली.

तीन दिवसांनी ध्रुवच्या आईनं एकनाथरावांना लिफ्टमध्ये गाठलं. लिफ्ट खालून चौथ्या मजल्यावर यायला चाळीस सेकंद घेते. एवढ्या वेळात एका सुसंस्कृत स्त्रीला आवाज न चढवता किती बोलता येतं, याची त्यांना कल्पना नव्हती. घरी येऊन त्यांनी तो कागद स्वतः पाहिला. मागच्या बाजूला पहिलंच वाक्य होतं: डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये. ध्रुवनं पान उलटलं नव्हतं.

"म्हणजे मुलगा चुकला नाही," ते शोभनाताईंना म्हणाले, "मीच 'पान उलटा' असं शिकवलं नव्हतं."

"सूदबाईंना जाऊन सांगा आधी. शिक्षणाचं नंतर बघा."

ते गेले, माफी मागितली, पाठीमागची ओळ वाचून दाखवली. आंटींनी गोळी पुन्हा सुरू केली. पुढच्या वर्गात फळ्यावर पहिलं वाक्य आलं: पान उलटा.

तोवर मुलांना एक शब्दसमूह चावला होता. 'कहाँ लिखा है?' वर्गात तो एकनाथरावांचाच. पण वर्गाबाहेर तो तापासारखा पसरला. आई म्हणाली झोपा, की पोरं विचारणार, कहाँ लिखा है? पहारेकरी म्हणाला, इथं सायकल नाही चालवायची. कहाँ लिखा है? पहारेकऱ्यानं एका पाटीकडं बोट दाखवलं. ती पाटी गाड्या धुण्याबद्दल होती. शुभंकरनं एकदा जेवताना लेकीला भाजी संपव म्हटलं आणि तिनं तोंड उघडताच वडिलांकडं बघून म्हणाला, "बाबा, तुम्ही हे थांबवा. ऑफिसमध्ये मी काल बॉसला विचारलं."

"काय विचारलं?"

"हेच. कहाँ लिखा है."

"मग?"

"मग काय, लिहिलेलं होतं."

जुलै उजाडला, शाळा सुरू झाल्या, वर्ग रविवारपुरता राहिला. आणि एका सकाळी ग्रोवर साहेब स्वतः एक कागद घेऊन वर आले. बसंत किरणच्या सूचनांमध्ये चुका फार असतात, असं कुणीतरी सभेत बोललं होतं. एकनाथरावांच्या वर्गामुळं आता पोरंही फलकापाशी हसायला लागली होती. तेव्हा इथून पुढं प्रत्येक सूचना कुलगुडे साहेबांनी तपासून सही करावी, अशी समितीची इच्छा होती.

दोन वर्षं चंदीगडात 'अक्षरा के दादाजी' म्हणून वावरलेल्या माणसाला कुणीतरी त्याच्या कामावरून ओळखलं होतं. एकनाथरावांनी चष्मा पुसला. टेबल पुसलं. लाल पेन शोधायला सगळ्या घराला कामाला लावलं. सूचना हिंदीत, दोन ओळींची होती. भूमिगत टाकीची सफाई झाली आहे, पाणी पिण्यास योग्य आहे, सर्व रहिवाशांना कळवण्यात येते. त्यात त्यांना 'सूचीत' सापडलं, ते त्यांनी 'सूचित' केलं. 'भूमीगत'चं 'भूमिगत' केलं. 'चूकी' होतं, ते 'चुकी'. एका ठिकाणी 'की' होतं तिथं हिंदीत 'कि' हवं, हे ग्रोवर साहेबांना समजावून सांगण्यात दहा मिनिटं गेली. मग खाली डौलदार सही: ए. कुलगुडे.

"अब तो उँगली रखने की जगह नहीं," ग्रोवर साहेब म्हणाले.

"आमच्यात पण असंच म्हणतात," एकनाथराव म्हणाले. चहा झाला. कागद काचेच्या फलकात गेला.

त्यानंतर आठ-दहा दिवसांत सोसायटीत पोटं बिघडायला लागली. पहिल्यांदा तळमजल्यावर, मग दुसऱ्यावर. ध्रुवला उलट्या झाल्या आणि सलाईन लावावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? विमल आंटींनी सांगितलं, टाकीचं, पण टाकी आत्ताच साफ झालीये, लिहिलंय तसं. मंजुषा घरी येऊन म्हणाली, "आपण पाणी उकळूनच प्यायचं. टाकी धुतली असली तरी." एकनाथराव म्हणाले, "धुतली असली तरी काय? धुतलीच आहे. मीच तपासलंय." सुनेनं पाण्याचं पातेलं गॅसवर ठेवलं. औषधशास्त्रातली माणसं सासऱ्यांशी जपून बोलतात.

रविवारी वर्गात सहाच मुलं होती. ध्रुव घरी झोपून होता, त्यामुळं सगळ्यांच्या डोक्यात पाणी होतं. एकनाथरावांना वाटलं, आज हीच सूचना वाचू. पोरांना धीर येईल आणि नमुनाही निर्दोष आहे. फलकातून त्यांनी कागद काढून आणला. पहिलं वाचन झालं. दुसरं झालं; गोल करायला कुणाला शब्द सापडेना, हे पाहून त्यांना बरं वाटलं. तिसऱ्या वाचनासाठी त्यांनी नवा प्रश्न दिला. हे वाक्य खरं असेल, तर आणखी काय काय खरं असायला हवं?

"टंकी साफ की तो पानी बंद होना चाहिए था," एकजण म्हणाला.

"उसका भी नोटिस लगना चाहिए था," दुसरी म्हणाली. "लगा था क्या?"

कुणाला आठवेना. ओजस्विनीचं बोट अजून पहिल्याच ओळीवर होतं. तिथं ते थांबलं. मग तिनं दुसऱ्या हाताची मूठ वळली आणि उंचवटे आणि खळगे मोजत ती पुटपुटायला लागली. मे, जून. पुन्हा मोजलं.

"सर," ती म्हणाली, "जून में इकतीस कहाँ होता है?"

एकनाथरावांनी कागद हातात घेतला. सफाई ३१ जून रोजी संपन्न झाली होती. आकडे ठसठशीत होते. त्याच्या मागचा-पुढचा एकेक ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी स्वतःच्या हातानं सरळ केला होता, आणि आकड्यांवरून त्यांची नजर पाणी वाहून जावं तशी वाहून गेली होती. छापखान्यात त्यांचे वरिष्ठ सांगायचे, अर्थाच्या नादी लागू नका, अर्थ वाचायला लागलं की अक्षर सुटतं. तेहेतीस वर्षं त्यांनी अक्षर सुटू दिलं नव्हतं.

कागद फलकात परत गेला, तेव्हा ३१ भोवती लाल गोल होता. तो कुणी केला, हे सहाजणांपैकी एकानंही सांगितलं नाही.

दुपारी अक्षरा पुस्तक घेऊन त्यांच्यापाशी येऊन बसली. बराच वेळ पानं चाळली.

"आजोबा, मैंने पहले देखा था वो."

"काय?"

"इकतीस. जब लगा था, उसी दिन."

"मग बोलली का नाहीस?"

"नीचे आपका साइन था ना," ती म्हणाली. "तो मुझे लगा, होता होगा."

एकनाथराव खिडकीशी गेले. खाली पंपघराचं हिरवं दार दिसत होतं. शोभनाताईंनी आतून चहाला हाक मारली, ती त्यांना तीनदा ऐकू आली आणि तीनदा त्यांनी ओ दिली नाही. बाईंचा शेरा त्यांना लागला होता तो कुणीतरी आपल्या घराण्याला नावं ठेवली म्हणून. हे वेगळं होतं. जी पोर आपल्या आईलाही 'कहाँ लिखा है' विचारायची, तिनं एकाच ठिकाणी विचारलं नव्हतं. आणि तिकडं ध्रुवच्या हाताला सलाईनची पट्टी होती.

लाल गोलानं व्हायचा तो गहजब झाला. सूचना फलकाशी छेडछाड झाल्याबद्दल दुसरी सूचना लागली. ती एकनाथरावांकडं तपासायला आली नाही, त्यामुळं तिच्यात सहा चुका होत्या. कीर्तनाच्या नावाखाली हॉलमध्ये भलतंच काहीतरी चालतं, अशी तक्रार आली. शनिवारी संध्याकाळी सभा ठरली. सभेआधी ग्रोवर साहेबांनी एकनाथरावांना जिन्यात गाठलं.

"कुलगुडे जी, टाइपिंग की गलती है. तीस होगा. आप बस इतना कह दो. प्रेस के आदमी हो, आपकी बात कोई नहीं काटेगा. हॉल भी आपका पक्का."

हे काही फार वाईट बोलणं नव्हतं. एकनाथरावांनी खरंच विचार केला. तीस असूही शकतं. तीस असेल तर आपणही फारसे चुकलो नाही. छापखान्यात त्याला आकड्याचा दोष म्हणतात, किरकोळात धरतात.

सभेला हॉल भरला होता. मुलं मागं सतरंजीवर, बायका एका बाजूला. आरडाओरड बरीच झाली. कुणी पाण्यावर बोललं, कुणी पार्किंगवर, कारण पार्किंगशिवाय या सोसायटीत सभा होत नाही. शेवटी ग्रोवर साहेबांनी कागद उंच धरला. "ये देखो जी. तीस की जगह इकतीस छप गया, इतनी सी बात. कुलगुडे साहब ने चेक किया है. साइन है इनके."

शंभर डोळे वळले. एकनाथराव उठले. उठताना गुडघा वाजला, तो पुढच्या रांगेलाही ऐकू आला. त्यांची हिंदी अशा वेळी कोल्हापूरमार्गे येते.

"मैंने चेक किया," ते म्हणाले, "ये सही मेरी है. मैंने अक्षर पढ़े. बात नहीं पढ़ी. तारीख मेरी नजर से गई, वो गलती मेरी है, टाइपिंग की नहीं." मग घसा खाकरून म्हणाले, "और तीस था क्या, ये भी मुझको मालूम नहीं. टंकी खाली होती तो पानी बंद होता. तीस तारीख को किसका पानी बंद था?"

कुणीच हात वर केला नाही.

"ओजस्विनी का उस दिन बर्थडे था," मागून एक आवाज आला. "हमने पूरा दिन छत पे पानी खेला."

"टंकी मैंने देखी नहीं," एकनाथराव म्हणाले. "ग्रोवर जी, आपने देखी?"

ग्रोवर साहेबांचा हात हळूहळू खाली आला. ते लबाड नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, की त्या आठवड्यात ते मुलीकडं लुधियान्याला होते. ठेकेदारानं पावती दिली, पावतीवर जे होतं ते त्यांनी कागदावर उतरवलं. पावतीवर इकतीस लिहिलेलं होतं.

मग सगळे एकदम बोलायला लागले. ठेकेदाराला नोटीस द्यावी, आधी समितीची बैठक घ्यावी, तीनजणांची उपसमिती नेमावी, तिनं पंधरा दिवसांत अहवाल द्यावा. उपसमितीत कोण असावं यावर मतभेद झाले. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं शोभनाताई उठल्या आणि कोल्हापुरी मराठीत म्हणाल्या, "झाकण उघडा की आधी!"

मराठी कुणालाच कळत नव्हती. सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी, सत्तावीस जुलैला, सकाळी साडेसातला टाकी उघडली. ठेकेदार नवीन होता. पाणी उपसल्यावर तळाशी वीतभर गाळ निघाला. गाळातून एक शटलकॉक, स्टीलची वाटी, प्लास्टिकची गुलाबी चप्पल आणि आणखी असं काही निघालं, की त्याचं नाव घेऊ नये असं सगळ्यांनी ठरवलं. विमल आंटी तोंडावर ओढणी धरून उभ्या होत्या. "हम ये पी रहे थे?" त्या म्हणाल्या. त्यांच्या शेजारी ध्रुव खुर्चीत बसला होता. अंगात ताकद नव्हती, पण त्यानं घरी थांबायला नकार दिला होता. गुलाबी चप्पल त्याची होती, गेल्या वर्षीची.

लोक एकनाथरावांशी नीट बोलत होते, पण मधूनच कुणीतरी 'इकतीस जून' म्हणायचं आणि दुसरा खोकल्यासारखं करायचा. ते त्यांनी ऐकलं. ऐकण्यासारखंच होतं.

साडेबाराला ठेकेदाराचा माणूस वर आला आणि झालं म्हणाला. ग्रोवर साहेबांनी नवा कागद तयारच ठेवला होता. तारीख बरोबर, वार बरोबर, 'कि' आणि 'की' आपापल्या जागी. मुलांनी तो आधीच तीनदा वाचला होता. ग्रोवर साहेबांनी पेन एकनाथरावांपुढं केलं.

"आजोबा," अक्षरा म्हणाली, "अंदर देखा आपने?"

एकनाथरावांनी पेन खिशाला लावलं. पांढरी विजार, सहासष्ट वर्षांचे गुडघे, आणि चौकोनी भोकाच्या कडेनं चिकट शेवाळ. ते आधी एका गुडघ्यावर, मग दुसऱ्यावर टेकले. कुणीतरी हातात विजेरी दिली. डोकं आत घालून त्यांनी एक भिंत पाहिली, मग दुसरी, मग तळ, ओळीनं, डावीकडून उजवीकडं. वर सोसायटी उभी होती. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत, तेव्हा ग्रोवर साहेबांनी काळजीनं त्यांचा दंड धरला.

"ठीक है जी?"

"डाव्या कोपऱ्यात गाळ राहिलाय," आतून घुमत आवाज आला. मग हिंदीत, "बाएँ कोने में. शिडी के पीछे."

ग्रोवर साहेबही गुडघ्यांवर बसले. त्यांनीही डोकं आत घातलं. दोन म्हातारी डोकी एका भोकात मावेनात, म्हणून पाळीपाळीनं पाहिलं. गाळ होता. त्यानंतर सातही मुलांना पाहायचं होतं, आणि ध्रुवला खुर्चीसकट कडेला न्यावं लागलं.

ठेकेदाराचा माणूस ब्रश घेऊन, काहीतरी पुटपुटत पुन्हा खाली उतरला. सही दुपारी पावणेदोनला झाली.